अर्धा सूर्य दुर्गकडे

हे सांगायचं मी लई वर्षं टाळलं. घरचे विचारत, बाबा, सुखदेवकाका आपल्याकडे कावून येत नाहीत, तर मी म्हणायचो, त्याचे गुडघे दुखतात. गुडघे माझे दुखत होते, त्याचे चांगले होते. आज मी सांगतो, तुम्ही लिहूनच घ्या.

आमचा बाप भंडाऱ्याकडचा. इथं दुर्गजवळ पोलादाचा कारखाना उभा होऊन राहिला होता तवा आला, मजुरांच्या कॅम्प-१ वस्तीत झोपडी टाकली, तिथंच आम्ही दोघं भाऊ झालो, मी अन् माझ्या पाठचा सुखदेव. मी कारखान्याच्या रेल मिलमध्ये लागलो, तिथं रेल म्हणजे गाडीचे रूळ बनतात. माझं काम काय, तर रेल सरळ आहे का पाहणं. गाल रेलीजवळ न्यायचा, एक डोळा मिटायचा, केसाएवढा बाक असला तरी सापडायचा. चांगली असली तर खडूनं खूण. त्या डोळ्याचा मले माज चढला, काय सांगू तुमाले.

सुखदेव जहाजावर गेला. समुद्राच्या तळाशी तार टाकणारं जहाज, त्या तारेतून एका देशाचं बोलणं दुसऱ्या देशात जाते. पहिलं वर्षभर त्यानं तिथं आलू सोलले. हे त्यानं पत्रात फक्त मलेच लिहिलं, दादा, आईले सांगू नको. मग तो तार जोडायले शिकला, तेही पहिलं मलेच लिहिलं. रिटायर होऊन त्यानं इथंच, दुर्गच्या पद्मनाभपुरात घर घेतलं.

मग मोबाईल आला अन् त्यात ते व्हिडिओ. धरती चपटी आहे, पाणी कधी वाकते काय, गोल-बिल सब झूठ. मले पटलं. कावून नाही पटणार, जनमभर सरळ रेलच पाहिली. विहारात सांगतात, ऐकलं म्हणून मानू नको, स्वतः पारख. मी म्हणायचो, पारखली ना, माझ्या डोळ्यानं. विहाराच्या पायरीवर चार म्हातारे जमायचे, मले गुरुजी म्हणायचे.

एका रविवारी विहारात सुखदेवले बोलावलं, पोरांले जहाजाचं सांगा म्हणून. त्यानं तारेचा कापलेला तुकडा आणला, मनगटाएवढा, आत केसासारखी काच. म्हणे, पोरांनो, यातून तुमचं हॅलो अर्ध्या दुनियेले वळसा घालून जाते, दुनिया गोल आहे ना. चारही म्हातारे माझ्याकडे पाहायले लागले. मी उठलो. म्हटलं, याचं काय ऐकता, हा तर जहाजावर आलू सोलत होता, आलू गोल, म्हणून याले दुनिया गोल दिसते.

सारे हसले. सुखदेव पण थोडा हसला, मग तुकडा पिशवीत टाकला, चपला घातल्या अन् गेला. तवापासून लोक त्याले आलूवाला म्हणायले लागले. मले मालूम होतं तो कोण होता. तरी मी कोणाले टोकलं नाही.

मग माझी नात टोरंटोले शिकायले गेली. दिवाळी होऊन गेली होती, संध्याकाळी मी छतावर, अन् तिचा व्हिडिओ कॉल आला. दुर्गच्या बाजूले सूर्य अर्धा बुडाला होता. म्हटलं पाह्य बाई, आपला सूर्य. तर ती म्हणे, आबा, रुको रुको, मेरा भी देखो, अन् फोन खिडकीकडे केला. तिथं सूर्य अर्धा वर आला होता. तसाच लाल. मी फोन सूर्याच्या शेजारी धरला. अर्धा इकडे, अर्धा तिकडे, बुडणारा अन् उगवणारा एकच. बाप्पा! पायाखालचं छत वळून राहिलं असं वाटलं, मी कठडाच धरला. एवढी मोठी धरती, एवढी गोल, अन् तिच्यावर आपण असे उभे. अन् पोरीचा आवाज कोणकोणत्या समुद्राखालून, कोणाकोणाच्या हातच्या जोडातून येऊन राहिला होता. आबा, रो रहे हो क्या? म्हटलं, नाही गं, कारखान्याची धूळ आहे.

दुसऱ्या दिवशी पावर हाउस चौकातून ऑटो पकडला अन् पद्मनाभपुरात गेलो. सुखदेवनं दार उघडलं, ये दादा, बस, म्हणाला, चहा सांगितला, गुडघ्याचं विचारलं. तो तुकडा टेबलावरच होता. त्यानं माझ्या हातात दिला, म्हणे, पाह्य, तुझा डोळा पक्का. मी एक डोळा मिटून पाहिलं. चहा छान झाला, एवढंच तोंडातून निघालं. असा चारदा गेलो. पाचव्यांदा जायच्या आधी त्याच्या पोराचा फोन आला, बाबा गेले म्हणून.

तुकडा आता माझ्याकडे आहे. साऱ्यांपुढे खरं सांगावं म्हणून विहाराकडे नेतो, पायरीपर्यंत जातो अन् परततो. म्हणून तुम्ही लिहा. सुखदेव, तू तार जोडणारा होता, मले मालूम होतं रे, तुझी सारी पत्रं माझ्याजवळ आहेत. दुनिया तू सांगत होता तशीच आहे. त्या दिवशी मी उठायले नको होतं. मले माफ कर.