बाहेरून घातलेली कडी

(धरमतर खाडीकाठचं एक गाव. शुक्रवार, उतरती उन्हं. बायजाबाईची ओटी, शेजारच्या घराला बाहेरून कडी.)

बायजाबाई : सांगितलं ना सायेब, त्या घरात कोणी राहात नाय.

निलेश : आजी, दारावर पाटी आहे. ज्युडिथ सायमन रोहेकर.

बायजाबाई : रोहेकर म्हंजे रोह्याला बघा. पेणचे पोलीस हिकडं कशाला?

निलेश : आत भांडं वाजलं आत्ता.

बायजाबाई : मांजर.

निलेश : खोकलं पण.

बायजाबाई : म्हातारं हाय.

निलेश : मी कशासाठी आलोय ते तरी ऐकून—

बायजाबाई : चहा घ्या आधी.

निलेश : हा तिसरा कप! आणि कोलाडच्या तुमच्या मावसबहिणीच्या दिराची गोष्ट अर्धा तास ऐकतोय. तुम्ही सारख्या खाडीकडे काय बघताय?

बायजाबाई : बुडाला! सूर्य बुडाला! आता करा तिला अटक, बघतेच मी.

निलेश : अटक?

बायजाबाई : बाईमाणसाला दिवस बुडाल्यावर धरता येत नाय. बचत गटाच्या शिबिरात वकीलबाईनं सांगितलं. पुढंच बसलेली मी.

निलेश : बरोबर सांगितलं. अगदीच गंभीर असलं, तर महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची परवानगी लागते. पण गुन्हा काय केलाय त्यांनी?

बायजाबाई : ते तुमी सांगायचं! धरताना कारण सांगायला लागतं, तेबी शिकवलंय. तिच्या शेळीनं धोंडुबाईचे वाल खाल्ले, त्याचंच ना? कालपासून बोंबलतेय, 'पोलिसात जाते' म्हणून.

निलेश : वालासाठी कोण बेड्या घालतं, आजी? आणि मोठा गुन्हा असता, तरी आमचं काम तपासाचं. दोषी कोण, ते कोर्ट ठरवतं. मी पासपोर्टच्या चौकशीला आलोय! माणूस या पत्त्यावर राहतो का बघायचं आणि सही घ्यायची.

बायजाबाई : अगो बाय! पासपोर्ट! तिच्या लेकीचं, शीराचं बाळंतपण हाय तिकडं इस्रायलला. त्यासाठीच काढतेय ती.

निलेश : मग काढा ती कडी.

ज्युडिथ : (कडी निघताच दारात येऊन) गो बायजा! कोंडून ठेवायला मी काय कोंबडी हाय?

निलेश : मावशी, मी हवालदार निलेश. पासपोर्टची चौकशी. इथं सही करा.

ज्युडिथ : आता? आत्ताच दिवा लावला मी. शब्बाथ लागला, आमचा ज्यूंचा इसाव्याचा दिस. उद्या चांदण्या दिसेस्तोवर लेखणीला हात लावायचा नाय.

निलेश : आणि अर्ध्या तासापूर्वी?

ज्युडिथ : तेव्हा चपात्या लाटत होते. दहा सह्या केल्या असत्या.

बायजाबाई : म्हंजे मीच घात केला की गो!

निलेश : परवापासून मी गणपतीच्या बंदोबस्ताला. 'अर्जदार भेटला नाही' असा अहवाल गेला, की सगळं पहिल्यापासून.

ज्युडिथ : बाळ थांबेल व्हय तवर? पहिलटकरीण हाय माझी पोर. तिच्याजवळ दुसरं कोण हाय?

बायजाबाई : सायेब, चूक माझी. पोलिसाला खोटं सांगितलं. मला धरा.

निलेश : सूर्य बुडालाय, आजी. नाही धरता येत.

ज्युडिथ : हसू नका हो, ती रडतेय.

निलेश : उद्या ड्युटी संपवून येतो. चांदण्या दिसल्या की सही. तोवर शेजारीण म्हणून यांचा जबाब घेतो. आजी, आता खरं सांगा. कधीपासून ओळखता यांना?

बायजाबाई : लगीन होऊन आले तवापासून. मिठागराची वाट हिनंच दाखवली मला.

निलेश : वर्तन?

बायजाबाई : तोंडाची फटकळ. मनानं सोनं.

निलेश : 'चांगलं' लिहितो.

बायजाबाई : आणि परत येणार, असं लिवा.

निलेश : तसा रकाना नाही, आजी.

बायजाबाई : हिच्या आळीतला नथानियल गेला इस्रायलला, नाओमी गेली. समदी 'येतो' म्हणूनच गेली. कड्या गंजल्या त्यांच्या दारांच्या. लिवा ना सायेब, कुठंतरी कोपऱ्यात.

ज्युडिथ : येडी कुठली! शेळी तुझ्याकडंच ठेवून जातेय ना मी?

बायजाबाई : ती परत धोंडुबाईचे वाल खाईल.

ज्युडिथ : खाऊ दे. मी येऊन भांडेन तिच्याशी.

बायजाबाई : ...उद्या या, सायेब. कडी काढून ठेवते.