निद्रादेवीने नेलेली घंटा

"ठण्ण" हा शब्द माझ्या आग्रहावरून या जबाबाच्या पहिल्या ओळीत घेतला आहे. मूळ आवाज याहून लांबत असे. पण कागदावर एवढाच बसतो, असे जबाब लिहून घेणारे हवालदार गुंडप्पा यांचे म्हणणे पडले.

मी अर्जुनराव साहेबराव बिरादार, वय ७६, धंदा निवृत्त मराठी शिक्षक, रा. शिकवणी वर्गांमागची गल्ली, लातूर. समक्ष विचारल्यावरून सांगतो की, वरील आवाज आमच्या गावच्या शाळेतील रेल्वे रुळाच्या तुकड्याचा आहे. तो घंटा म्हणून टांगलेला असे. शाळा भूकंपात पडली. त्याबद्दल जास्त सांगणे नाही.

गेल्या महिन्यात तोच तुकडा मला मोबाइलवर लिलावात दिसला. कडेला शाळेचे नाव छिन्नीने कोरलेले आहे. विकणारे नांदेडचे जुन्या वस्तूंचे व्यापारी जिलानी. माझ्या माडीवर डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या मुली भाड्याने राहतात. त्यांना मी आनंदाने सांगितले की, घंटा आली की रोज पहाटे पाचला वाजवीन, मग सगळ्यांनी मिळून एक कविता म्हणू. मुली लगबगीने माडीवर निघून गेल्या.

लिलाव पाचशेपासून होता. मी सहाशे लावले. लगेच 'निद्रादेवी' या नावाने सहाशे दहा आले. नाव कवितेतले वाटल्याने मला प्रथम आदरच वाटला. मी हजार केले. क्षणात एक हजार दहा. जत्रेत नारळाच्या लिलावात आवाज चढवला की समोरचा गार पडतो, हा अनुभव असल्याने मी चढवत गेलो. माडीवरची सदफ, मूळ राहणार हिमायतनगर, मला म्हणाली, "आजोबा, हात आवरा की! भाव तुम्हीच वाढवून राहिले. टाकायचं तर शेवटच्या मिनिटाला एकदाच टाका." पोरगी गुणाची आहे. पण कोणी बोलले की उत्तर दिल्यावाचून मला राहवत नाही.

नऊ हजारांवर माझी पेन्शन थकली. घंटा निद्रादेवीने दहा रुपये वर देऊन नेली. इतके तत्पर उत्तर खरे गिऱ्हाईक देत नाही. सबब निद्रादेवी हा भाव फुगवण्यासाठी जिलानी यांनीच बसवलेला माणूस असावा, असा माझा संशय आहे. साक्षीदार म्हणून सदफचे नाव देतो; ठाण्यात येताना तिला तसे सांगून आलो आहे.

जबाब वाचून दाखवणे चालू असता ठाण्याच्या दारात सदफ येऊन उभी राहिली. मागे तिची खोलीसोबतीण गीतांजली. दोघींमध्ये गोणपाटात काही जड.

"आजोबा, जिलानीचाचांवरचा संशय सोडा," सदफ म्हणाली. "निद्रादेवी आम्हीच. दोनला झोपतो आम्ही, पाचला ठणठण कोण ऐकणार? म्हणून सगळ्याजणींनी पैसे काढून आमची सगळ्यात वरची रक्कम आधीच टाकून ठेवली. तुम्ही चढवलं की तिथलं मशीनच दहानं वर जायचं. तुम्ही गप बसले असते, तर पाचशेत आली असती!"

"मेसचे पैसे गेले आमचे," गीतांजली म्हणाली.

"मग इथं कशाला आणली?" मी विचारले.

"तुम्ही पोलिसात गेले म्हणून. घ्या. पण आमची परीक्षा होईपर्यंत वाजवायची नाही."

गोणपाट खाली ठेवताना तुकडा फरशीला लागला. हवालदार गुंडप्पा यांची लेखणी थांबली. आवाज बराच वेळ विरेना. मग, पहिल्या ओळीतला शब्द अपुरा आहे, असे त्यांनी स्वतः मान्य केले.

जबाब वाचून दाखवला. संशयाचा भाग सोडून बाकी माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.