पपईवाला मसाला

नाव माहं हमीदा, माहेर ब्रह्मपुरीचं, बाप माहा पिंजारी होता, गाद्या भरे, रजया भरे, घरात असा कापूस उडे का भाकरीवर बी कापूस आन चहात बी कापूस, तं अशा घरची पोट्टी मी, मसाल्यातलं मले काय समजे, काईच नाई. लग्न होऊन अहेरीले आली. इथी सासरा कल्हईवाला, नवरा बी कल्हईवाला, आता कल्हई कोन करते भाऊ, साऱ्याइच्या घरी इस्टीलचे भांडे, नवरा बी गेला आन भाता बी गेला. राह्यला तो मसाला. तुमी मसाल्याचंच विचाराले आले न, मंग सांगते, पन मी मधातच भरकटते, मले टोकाचं नाई.

मसाला माह्या सासूचा, तिले आमी अम्मा म्हनो. बड्याच्या सालनाचा, म्हंजे रस्स्याचा, मसाला. बड्याचं म्हंजे म्हशीचं, आमच्या घरी पह्यलेपासून म्हशीचंच, मंग तो कायदा आला, बैल कापनं बी बंद झालं, तरी आमच्या चुलीत काई फरक पडला नाई, पन काय सांगू तुमाले, लोक कायदा वाचत नाई न, लोक निस्ता वास घेतात. तं बड्याचं मटन कसं रायते, जनावर म्हातारं, हाडं मोठे, शिजाले अर्धा दिवस. म्हनून अम्मा त्याच्यात पपई घाले. कच्ची, हिरवीगार, टनक पपई, सोलून पातळ काप करे आन खाटेखाली सावलीत वाळवे, उन्हात नाई. धने, शहाजिरं, बडीशेप, मिरे, मोठी विलायची, दगडफूल, भिवापुरी मिरची थोडीच, हे सारं येगयेगळं भाजाचं, चारोळी सर्वात शेवटी भाजाची, ते लगेच जळते. पपई भाजाची नाई. मसाला थंडा झाल्यावर पपई कुटून त्याच्यात टाकाची, अम्मा म्हने गरम लागलं का पपई मरते, मेलेल्या पपईनं मटन कुठी गळते पोरी. एकदा मी घाईघाईनं गरम मसाल्यात टाकली तं तिनं अख्खी परात उकिरड्यावर नेऊन पालथी केली आन मले म्हने, रड आता. मी रडली. पन शिकली.

सकाळी मटनाले मसाला चोळून ठेवाचा, दुपारी चुलीवर चढवाचं, मंग ते असं शिजे का दात नसलेली अम्मा बी खाये. हे चोळून ठेवनं ध्यानात ठेवा भाऊ, सारी गोष्ट त्याच्यावरच आहे.

आमच्या घराच्या मांगं लताबाई रायते. माह्याच उमरीची. तिच्या घरचे देवाधर्माचे, पन तिले आमच्या सालनाचा नाद. वीस वर्सं ती मांगच्या दारानं आली, पदराखाली वाटी घेऊन, आन माह्या चुलीपाशी पाटावर बसून भाकर चुरून खाये, हात धुये, वरतून बडीशेप चावे आन जाये. मी कोनाले सांगतलं नाई. मैतरीन होती न माही. मी मटनाले मसाला चोळे तवा ती बाजूले बसून लसून सोले, तिनं सारं पाह्यलं होतं.

मंग बचत गट निघाला, बारा बाया, लताबाई अध्यक्षा. तिनंच मले घेतलं, हे मी नाकारत नाई, जे खरं ते खरं. बाकीच्या पापड करत, लोनचं करत, मी मसाला. लताबाई म्हने हमीदा, पाकिटावर निस्तं घरगुती मसाला लिहाचं, कायचा ते नाई लिहाचं. मी म्हटलं ठीक आहे. गटासाठी मी बिनपपईचा करे, वांग्यात टाका, वाटान्यात टाका, कोंबडीत टाका. आन पाकिटाच्या खाली बारीक अक्षरात माहं नाव, हमीदाबी. आयुष्यात पह्यल्यांदा माहं नाव कुठीतरी छापून आलं वो, राशन कार्ड सोडून. मी एक पाकीट फळीवर उभं करून ठेवलं होतं, येता जाता दिसे. बाजारात बाया म्हनत, हमीदाबीवाला द्या. दुसरं काय पाह्यजे मानसाले.

तं झालं काय, एका मोठ्या सायबाची बदली झाली, त्याच्या निरोपाच्या जेवनाचं काम गटाले भेटलं. कोंबडीचा रस्सा आन भात. लताबाई आदल्या दिवशी मांगच्या दारानं आली आन म्हने, पाकिटातला नोको देऊ, तुह्या घरचा दे, त्याची चवच निराळी. मी म्हटलं बाई, त्याच्यात पपई आहे, ते कोंबडीले चोळू नोको, रस्स्याले उकळी आली का मंग टाक. हो हो म्हने. डबा घेऊन गेली. मले ताप होता, मी काई सयपाकाले गेली नाई, हे माहं चुकलं. तापात बी जाले पाह्यजे होतं.

दुपारी आरडाओरड. कोंबडीची खीर झाली होती भाऊ, खीर. हाडं येगळे तरंगत आन मास कुठीच नाई, निस्ता लगदा. सायबानं ताट सरकवलं. सयपाकीन म्हने, मी काय करू, अध्यक्षाबाईनंच सांगतलं, सकाळीच मसाला चोळून ठेव, असंच करतात. असंच करतात. कुठी पाह्यलं तिनं, असंच करतात, ते दोघीलेच ठाऊक, तिले आन मले.

दुसऱ्या दिवशी बैठक. अकरा बाया एका बाजूले, मी एकटी सतरंजीच्या कोन्यात. हमीदाबी, तुमी त्याच्यात काय टाकलं. मी म्हटलं पपई. पपई कायले. आता सांगा, काय सांगू मी. बड्यासाठी म्हटलं असतं तं त्याच घडीले साऱ्याइनं आपापल्या घरचे पाकिटं नालीत फेकले असते, आन लताबाईचं नाव घेतलं असतं तं तिच्या घरी तिले कोनी भांड्याले हात लावू दिला नसता. मी लताबाईकडे पाह्यलं. म्हटलं ही आता बोलन, एवढंच बोलन का हमीदानं मले बजावलं होतं, मीच इसरली. एवढ्यानं काम झालं असतं. वीस वर्सं माह्या घरचं खाल्लं होतं तिनं. ती सतरंजीचा धागा ओढत बसली, मंग मान वर न करता म्हने, यायच्या लोकाइचं काय, काई बी टाकतात. यायच्या लोकाइचं. मले ते आज बी गिळवत नाई.

मी उठली, चपला घातल्या, घरी आली. गटातून नाव काढलं. पाकिटं अजून निघतात, मसाला माह्याच पद्धतीचा, लताबाई करते, खालचं नाव तेवढं गेलं. फळीवरचं पाकीट मी चुलीत टाकलं. चांगला वास आला त्याचा.

दोन वर्सं झाले असन. गेल्या जुम्म्याले मांगचं दार वाजलं. लताबाई. थकली आता, साखरेची बिमारी, पुढचे दात गेले, बाकीचे हालतात. माफी नाई, काई नाई, पदराखालून वाटी काढली आन म्हने, हमीदा, तोंडाले चव नाई वो, वाटीभर सालन दे. हाकलून द्यावं वाटलं, खरं सांगते, आन कीव बी आली. म्हटलं आज नाई केलं, उद्या ये.

दुसऱ्या दिवशी केलं. मसाला नवा केला, धने ताजे, शहाजिरं ताजं, चारोळी बी घातली, एक जिन्नस सोडला नाई. निस्ती पपई तेवढी नाई टाकली. वाटी काठोकाठ भरून देली, वरतून तर्री सोडली, ती वास घेऊन रडली. मटन चामड्यासारखं होतं. चाव म्हटलं बाई, मनातल्या मनात.

अम्मा असती तं तिनं मले परातीसकट उकिरड्यावर फेकलं असतं. पाप लागन तं लागो. पन दारी आलेल्याले दुवा द्याची सवय आहे आमच्या घरची, ती मी मोडली नाई. खुदा तिचे उरलेले दात सलामत ठेवो.