आधीचे बाबा, नंतरचे बाबा

—नाही नाही सर, त्या खुर्चीत नको, ती डुगडुगते, इकडे बसा, स्क्रीन नीट दिसेल — आणि तुम्हाला काय बदल हवाय ते कळलंय मला, फोनवरच कळलं होतं. जाहिरातीतला 'नंतर'चा शॉट आधी टाकायचा आणि 'आधी'चा नंतर. एवढंच ना? एवढंच. दोन तुकडे इकडचे तिकडे, चहा निवायच्या आत होईल. आणि तेच मी करणार नाहीये. हे सांगायलाच तुम्हाला कॉलेजात बोलावलं, कारण फोनवर तुम्ही मला बोलूच देत नाही. बोलायला शिकवायचे क्लास घेता ना, सवय झाली असेल.

चिडू नका, ऐका तर. तुमच्या 'बिनधास्त बोला' वर्गाची जाहिरात आमच्या मॅडमनी माझ्या गळ्यात घातली — तुम्ही गिऱ्हाईक, मी विद्यार्थिनी, तुमची सही झाली की मी पास. ठीक. मी म्हटलं, तुमच्याकडे शिकून बोलायला लागलेलं कुणीतरी द्या. तुम्ही फोनवर फोन लावलेत, मी समोरच बसले होते — आणि तुमच्या बिनधास्त लोकांपैकी कॅमेऱ्यासमोर यायला एक जण तयार होईना! मग तुम्हीच म्हणालात, घरातलं आण कुणीतरी, अभिनय तर करायचाय. मी बाबांना आणलं. का? कारण ते खरंच अडखळतात, म्हणजे 'आधी'चा शॉट तरी अस्सल मिळेल. हुशार ना मी? रंगाच्या दुकानात काउंटरवर असतात ते. गिऱ्हाईक कार्डावर बोट ठेवतं, हे रंग मिसळतात, ढवळतात, डब्याचं झाकण ठोकून देतात — दिवस निघून जातो, बोलावं लागतच नाही. म्हणूनच धरली असेल ती नोकरी. मी कधी विचारलं नाही.

आणि झालं काय? तुम्ही होतातच की. 'मला चारचौघांत बोलता येत नाही, शब्द घशातच अडकतात' — माझंच वाक्य, मीच लिहिलेलं — बाबांनी बातम्या दिल्यासारखं घडाघडा म्हणून टाकलं! एक अक्षर अडलं नाही. मी कॅमेऱ्यामागे थक्क. दुसऱ्याचं बोलणं पाठ म्हणायचं असलं की त्यांना अडत नाही, मला माहीतच नव्हतं — घरात त्यांना पाठांतर कोण करायला लावणार? तुम्ही वैतागलात. 'अहो काका, अडखळा की! रोज जमतं ना, आज काय झालं?' आणि करून दाखवलंत. मान झटकून, डोळे फिरवून, म-म-म करत. आमचा कॉलेजचा आख्खा वर्ग हसला. बाबाही हसले. ते नेहमी हसतात सर — लोकांच्या जरा आधीच हसून घेतात. तेही रेकॉर्ड झालंय हां, कॅमेरा चालूच होता. छे, धमकी कसली? पुसलेलं नाही, एवढंच सांगतेय.

मग 'नंतर'चा शॉट. लिहिलं होतं, 'आता मी कुणाशीही न घाबरता बोलतो.' बाबांनी कागद घडी करून खिशात घातला. म्हणाले — म्हणायला लागले — 'माझी मु… माझी मु…' आणि अडले. मान ताठ, डोळे मिटलेले, ओठ घट्ट. आणि माझ्या जिभेवर शब्द तयार! लहानपणापासून मीच पुरवते ना — दुकानात, बँकेत, शाळेत बाईंसमोर. डॉक्टरकडे तर 'कुठे दुखतंय' याचं उत्तरही मीच द्यायचे, एकदा त्यांचा चांगला गुडघा शेकत बसलो होतो आम्ही — हसा, हसा, आम्हीही हसतो घरी. पण टेक चालू असताना तोंड उघडायचं नाही, हे पहिल्याच दिवशी शिकवतात. म्हणून गप्प राहिले. प्रेमाबिमाने नाही हां, आवाज खराब होऊ नये म्हणून. आणि त्यांनी वाक्य पुरं केलं. अडत, थांबत, घाम पुसत — पण पुरं केलं. 'माझी मुलगी माझ्या वतीने बोलते. छान बोलते. पण मला जे म्हणायचं असतं, ते नसतं ते.' आणि मग हसले. सगळं बोलून झाल्यावर. आधी नाही.

मी… पाणी आहे का तिथे? असू दे, नकोय.

तर तुम्हाला हवंय ते फक्त 'माझी मु'पर्यंत. तिथे कापायचं, मग तुमच्या क्लासचं नाव, मग पाठ केलेलं वाक्य घडाघडा — त्यातला 'येत नाही'मधला 'नाही' आणि पुढचं ते घशाचं उडवायचं, की झाला माणूस बरा! तसं करून बघितलंय मी. हो, केलं, खोटं कशाला बोलू, हे बघा, अजून इथेच आहे. आणि कसं दिसतं सांगू? झकास दिसतं. माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम. क्षणभर खूश झाले मी. मग बाबांचं ते 'मु'वर थांबलेलं तोंड पुन्हा बघितलं आणि स्वतःचीच शिसारी आली. घरात जन्मभर जे केलं, तेच इथे बटणं दाबून केलं होतं. तेव्हा टाकायचा असेल तर तो शॉट पूर्ण टाका. लांब होतो? होऊ दे. लोक कंटाळतील? कंटाळू देत. अर्धं वाक्य मिळणार नाही.

सही नाही करणार? नका करू. मॅडमनाही सांगा. नापास तर नापास. पुढच्या वर्षी परत बसेन, एखाद्या गाद्यांच्या कारखान्याची जाहिरात करीन. गाद्या अडखळत नाहीत.

काय? बाबांना विचारलंत? कधी? आणि ते हो म्हणाले… फोनवर. म्हणणारच सर! 'हो' हा एकच शब्द त्यांना कधी अडत नाही. 'नाही' म्हटलं की पुढे कारण द्यावं लागतं, आणि कारण द्यायला वाक्य लागतं — तुम्ही थांबला होतात का वाक्यासाठी?

—अहो बाबा! या ना, दार उघडंच आहे. तुम्ही वर कशाला आलात, मी येतच होते खाली. हो, हे सरच. बाबा, ते म्हणतायत की तुमचा तो — नाही. मी नाही सांगणार. सर, तुम्ही विचारा. समोरासमोर. कुठे कापणार तेही सांगा. ते हो म्हणाले तर मी आत्ता, तुमच्या देखत, अदलाबदल करून देते. शब्द देते.

झालं विचारून? आता थांबायचं. मान हलवून मदत करायची नाही, घड्याळ बघायचं नाही. मीही नाही बोलणार. त्यांना काय म्हणायचंय मला माहीत नाही सर, खरंच माहीत नाही.

बोला बाबा. कॅमेरा बंद आहे.

हं…

हं…

सर! गप्प बसा.