पालथ्या वाट्या

रुपचंद : पदर तू दोनदा सावरलास, तानू. मी बघत होतो.

तानुबाई : एप्रिल महिना, वर जळगावचं ऊन, डोक्यावर मंडपाचा पत्रा. पदर सावरू नको तर काय करू?

रुपचंद : पहिल्यांदा सावरलास आणि तुझ्या भावानं शिशाचे घोडेस्वार नदीकाठच्या वाटीजवळून खुशाल पुढे काढले. ती वाटी रिकामी होती. दुसऱ्यांदा सावरलास आणि तो आमराईतल्या वाटीपाशी थबकला. तोफा लावल्या. ती भरलेली होती.

तानुबाई : म्हणजे मी पदरानं हिलालला तारा पाठवते?

रुपचंद : मी असं म्हटलं नाही.

तानुबाई : मग म्हणा ना. या छंदांच्या मेळ्यात तिकडे काडेपेट्यांच्या चित्रांचं प्रदर्शन मांडलेले लोक कान देऊन ऐकताहेत, त्यांनाही कळू दे.

रुपचंद : हळू बोल. मी फक्त हिशेब मांडतो. या टेबलावरच्या लढाईत माझ्या वाट्या पालथ्या आहेत. काहींखाली माझे शिपाई, काही नुसत्याच, शत्रूला फसवायला. शत्रू जवळ येऊन फूटपट्टीनं अंतर मोजत नाही किंवा वाटीला खेटत नाही तोवर वाटी उचलायची नाही. कोणती भरलेली, कोणती रिकामी, हे दोघांनाच माहीत. एक मी.

तानुबाई : आणि दुसरी मी.

रुपचंद : पंचांनासुद्धा ठाऊक नसतं. आणि हिलाल काल मला हरवून गेला, आज सकाळी पुन्हा हरवून गेला. एकदासुद्धा फसला नाही. मूठभर फाशांवर नशीब असतं, मान्य. पण वाट्यांवर कसलं नशीब?

तानुबाई : तुमचे हात थरथरतात म्हणून तुम्ही मला बसवलंत. मी मागितलं नव्हतं. तुम्ही बॅटरीतलं शिसं वितळवून शिपाई ओतलेत, तेव्हा त्यांचे फेटे कुणी रंगवले? घोड्यांना डोळे कुणी काढले? माझीच माणसं मी मारायला देईन?

रुपचंद : माहेर म्हटलं की बाईचं काही सांगता येत नाही.

तानुबाई : हे बाकी खरं बोललात.

रुपचंद : काय?

तानुबाई : तुमच्या पोटात होतं ते. लग्न होऊन आले तेव्हा तुमच्या आई दूध तापवायला ठेवून मला म्हणायच्या, तू बाजूला हो, तुझं लक्ष धुळ्याच्या रस्त्याकडे असतं. आज तुम्ही म्हणताय. सासूबाई बिचाऱ्या लवकर म्हणाल्या एवढंच.

रुपचंद : आईला मध्ये आणू नकोस. सकाळी चहाच्या टपरीवर तुम्ही दोघं काय बोलत होतात? मी आलो तर गप्प झालात.

तानुबाई : बेबावहिनीनं डबाभर ज्वारीचे पापड, बिबड्या पाठवल्यात. त्या कशा तळायच्या, ते सांगत होता.

रुपचंद : त्यात हसण्यासारखं काय होतं?

तानुबाई : तो म्हणाला, दाजींच्या सैन्यापेक्षा बिबड्या कडक आहेत.

रुपचंद : बघ! आणि हे सगळं अहिराणीत. मी जामनेरकडचा माणूस. तुम्ही सावकाश बोललात तर मला कळतं, पण तुम्ही दोघं भेटलात की गाडी उताराला लागते.

तानुबाई : भावाशी आईच्या बोलीत बोलू नको?

रुपचंद : बोल. पण मग माझ्या वाट्यांना हात लावू नकोस. आणि... या आखाजीच्या सणाला माहेरी धुळ्याला नाही गेलीस तरी चालेल.

तानुबाई : चालेल? कुणाला चालेल?

रुपचंद : मला चालेल.

तानुबाई : आई गेली, आबा गेले. आखाजीला झोका बांधायला आता हिलालचंच कडुनिंबाचं झाड उरलंय. ते तुम्ही एका शिशाच्या घोड्यापायी तोडता?

रुपचंद : मी तोडत नाही. तू खरं सांग, विषय संपला. स्स! हात रे! चावलं काहीतरी.

तानुबाई : मुंगी आहे. टेबलावर रेलू नका, किल्ला पडेल.

रुपचंद : एक नाही, रांग आहे. गिरणा नदीची वाळू मी चाळून, वाळवून आणली. यात मुंग्या कुठून? माझा चष्मा दे. अगं, या तर टेबलाच्या पायावरून वर चढून थेट नदीकाठच्या वाटीखाली शिरतायत.

तानुबाई : तिथे असणारच.

रुपचंद : असणारच म्हणजे?

तानुबाई : साखर आहे ना.

रुपचंद : वाटीखाली?

तानुबाई : रिकाम्या वाटीखाली. भरलेल्यांत शिपाई आहेत, तिथे कशाला?

रुपचंद : तानू, माझ्या युद्धभूमीवर तू साखर पेरलीस?

तानुबाई : चिमूट, चिमूट. आई म्हणायची, रिकामं भांडं कुणापुढे ठेवू नये आणि पालथं तर मुळीच नाही. शेजारणीची वाटी परत करताना घरात काहीच नसलं तर ती ज्वारीचे दाणे तरी टाकायची. तुम्ही म्हणालात रिकामी वाटी पालथी घाल. हात पुढे होईना माझा. मग पुडीतली साखर टाकली नि घातली.

रुपचंद : मला का नाही सांगितलंस?

तानुबाई : यात काय सांगायचं? कणकेत मीठ घातलं, हेही मी सांगत नाही.

रुपचंद : थांब. थांब जरा. ही मुंग्यांची वाटी, रिकामी. ही पण मुंग्यांची, ही पण रिकामी. आमराईतल्या वाटीला एकही मुंगी नाही. आणि मी बिनचष्म्याचा आंधळा इथे बसून तुझा पदर बघतोय!

तानुबाई : झालं ना मग समाधान? मुंग्यांनी चहाडी केली.

रुपचंद : मुंग्या सगळ्यांना दिसतात. पण मुंग्या म्हणजे रिकामी, हे कुणाला कळेल? तुझी साखर ज्याला माहीत आहे त्यालाच. तो तुझ्याच आईच्या हातचं जेवलाय.

तानुबाई : आता हिलालवर घसरलात?

रुपचंद : तो मुंग्या वाचतोय.

तानुबाई : नाही. तसं असतं तर तो मला म्हणाला असता, अक्का, तुझी साखर दिसते. हसला असता. तो लहान होता तेव्हा बोरं चोरली तरी अर्धी मला आणून द्यायचा.

रुपचंद : बोरं चोरायचाच ना?

तानुबाई : तुम्हाला आज सगळे चोर दिसतात.

रुपचंद : मग पारख करू. चार वाजता शेवटचा डाव आहे. या वेळी साखर टाक भरलेल्या वाटीखाली. घाटाच्या तोंडावरच्या. तिच्याखाली माझ्या सगळ्या तोफा ठेव. बाकीच्या वाट्या कोरड्या, आणि या जुन्या मुंग्या मी झाडून टाकतो. तो सरळ मनाचा असेल तर घाटापाशी बिचकेल, फूटपट्टी लावेल, जसा कुणीही लावेल. मुंग्या वाचत असेल तर डोळे मिटून आत शिरेल.

तानुबाई : म्हणजे मी माझ्या हातानं त्याला फसवायचं.

रुपचंद : फसला तरच फसवलं.

तानुबाई : आणि नाही फसला तर?

रुपचंद : तर मी सगळ्यांसमोर तुझी माफी मागेन. आखाजीला स्वतः एस.टी.त बसवून देईन.

तानुबाई : बसवून नाही. धुळ्यापर्यंत यायचं, आणि झोक्याला दोर तुम्ही बांधायचा.

रुपचंद : कबूल. आणि फसला तर?

तानुबाई : ती पुडी द्या इकडे. आणि तिकडे तोंड करून उभे राहा. मला तुमच्या डोळ्यांदेखत हे करायचं नाही.

(चार वाजता. त्याच टेबलाशी.)

हिलाल : काय व्हयनं, अक्का? तोंड उतरेल दिखस.

तानुबाई : काही नही व्हयनं. ऊन शे.

रुपचंद : टेबलाशी अहिराणी बंद! जे बोलायचं ते मला कळेल असं बोला.

हिलाल : दाजी, दोन डाव हरलात म्हणून एवढं तापू नका. बरं, बोलतो तुमच्यासारखं. अक्का, बिबड्या ठेवून घेतल्यास ना? डबा आठवणीनं दे. नाहीतर घरी माझी धडगत नाही.

तानुबाई : देते. आधी खेळ.

हिलाल : खेळतो. पण दाजी तिच्याकडे का बघतायत? काल पण असेच बघत होते.

रुपचंद : तुला दिसलं होतं ते?

हिलाल : सगळ्या मंडपाला दिसलं. नाण्यांचा संग्रह घेऊन आलेले ते शेठजी मला विचारत होते, तुमच्या बहिणीचं काही चुकलं का?

तानुबाई : मग तू काय सांगितलंस?

हिलाल : म्हटलं, नवरा-बायकोचं आहे, आपण कशाला पडा. चला, फासे माझे. पाच आणि चार! आज लळिंगचा किल्ला आपला.

रुपचंद : घोडे कुठून नेणार?

हिलाल : विचार करू द्या की. आमराईकडून जाऊ... नको. ती वाटी मला आवडत नाही. नदीकाठची पण नको.

रुपचंद : का रे? नदीकाठची तर तू दोन्ही वेळा खुशाल ओलांडलीस.

हिलाल : एका वाटेनं रोज गेलं की कुत्रं चावतं, दाजी. आज घाट.

तानुबाई : हिलाल, घाट अरुंद आहे. नीट बघ. फूटपट्टी लाव.

हिलाल : कशाला? तू काळजी करू नको.

तानुबाई : तरी लाव. माझं ऐक. तोंडावर वाटी आहे, तिच्याखाली काय असेल कुणाला ठाऊक.

रुपचंद : तानू, मध्ये बोलायचं नाही.

तानुबाई : मी त्याची मोठी बहीण आहे. बोलेन. हिलाल, फूटपट्टी लाव बाबा. एकदा लाव.

हिलाल : अगं, कळतं मला. ही रिकामी आहे. हे घोडे गेले, हे भाले गेले, मागून निशाणही गेलं. बघ, सगळी फौज घाटात! आता किल्ल्याचं दार...

रुपचंद : पंचांनी बघितलं ना? फौज वाटीला खेटून उभी आहे. तानू, उचल वाटी.

हिलाल : उचल, उचल. आहेच काय तिच्यात?

रुपचंद : उचल ना.

हिलाल : अरे! तोफा? अक्का... भरेल वाटीखाले साखर टाकी तू?

रुपचंद : हे मला नीट कळलं. साखर म्हणाला! साखरेचं याला कुणी सांगितलं? कुणीच नाही!

हिलाल : दाजी, तसं नाही...

तानुबाई : कधी कळलं तुला?

हिलाल : काल. पहिल्याच डावात. मुंग्या दिसल्या आणि मला एकदम आईच आठवली. मनात म्हटलं, अक्का अजून तशीच आहे. डोळ्यांत पाणी आलं, देवाशपथ.

तानुबाई : पाणी आलं. मग?

हिलाल : मग काय. खेळ होता. शत्रूची खूण सापडली तर डोळे झाकून घ्यायचे असं कुठल्या नियमात नाही.

तानुबाई : हे माझ्याकडे कसे बघत होते, तेही तुला दिसलं.

हिलाल : दिसलं.

तानुबाई : ते शेठजी विचारायला आले, तेव्हा काय आहे ते तुला ठाऊक होतं.

हिलाल : होतं.

तानुबाई : एक शब्द टाकला असतास. दाजी, मुंग्या बघा, एवढाच.

हिलाल : मी जिंकत होतो, अक्का.

रुपचंद : बघितलंस? मी म्हणत होतो ना! माझं नाक खोटं बोलत नाही. मी बरोबर होतो.

तानुबाई : तुम्ही कुठे बरोबर? तुम्ही मला धरलं होतं. चोर दुसरा निघाला, म्हणून तुमचं बरोबर होत नाही.

रुपचंद : तसं नव्हे... बरं, माझं चुकलं. चुकलं म्हणतो ना? सगळ्यांसमोर म्हणू का? अहो शेठजी, जरा इकडे या!

तानुबाई : राहू द्या. त्यांची नाणी उघडी पडलीत.

हिलाल : डाव तुमचा, दाजी. माझी फौज उचलतो मी.

रुपचंद : उचल. तानू, उद्या सकाळी अमळनेरच्या प्राध्यापकांशी गाठ आहे. त्यांना काही तुझी साखर माहीत नाही. मी सांगतो तशा वाट्या मांड.

तानुबाई : तुम्ही मांडा.

रुपचंद : माझा हात थरथरतो, तुला माहीत आहे. शिपाई पडतील. वाटी वाजेल.

तानुबाई : वाजू द्या. पडले तर उभे करा. उद्या हरलात तर कुणाचा पदर बघायचा हा प्रश्न तरी राहणार नाही.

रुपचंद : तानू...

तानुबाई : मी तिकडे काडेपेट्यांची चित्रं बघत बसेन. दोन दिवस इथे आहे, अजून एक पाहिलं नाही.

हिलाल : अक्का, आखाजीला... मुऱ्हाळी म्हणून येऊ ना तुला न्यायला?

तानुबाई : ये. आईच्या घरी येईन मी. झाड तिनं लावलंय.

रुपचंद : दोर मी बांधणार आहे. कबूल केलंय.

तानुबाई : तो फसला नसता तर बांधायचं ठरलं होतं.

रुपचंद : फसला तरी बांधतो.

तानुबाई : हात थरथरतो तुमचा. गाठ हिलालला तपासू द्या. तुम्ही दोघं एकमेकांच्या गाठी तपासा. हा घे डबा, हिलाल. गाडी चुकेल तुझी.

हिलाल : हलका लागतो गं. काही घातलंस का यात? का रिकामाच? झाकण तरी किती घट्ट...

तानुबाई : घरी जाऊन वहिनीच्या हातात दे. वाटेत उघडायचा नाही.

हिलाल : अक्का, सांग ना. रिकामा शे का भरेल?

तानुबाई : बाहेरून बघ. तुला कळतं.