धोंड्याचं जेवण

धोंडे गोड झाले नाहीत का, महेशराव? — नाही, एकच घेतलात आणि ताटात बोटं फिरवत बसलात म्हणून विचारते. घ्या अजून एक, तूप वाढते. अहो, असं कसं चालेल, अधिक महिना काय दरवर्षी येतो? जावयाला जेवायला घालायचं ते ह्याच महिन्यात. अक्षदाचे आईबाप असते तर त्यांनी सोडलं असतं का तुम्हाला एका धोंड्यावर? आता तिचं माहेर म्हणजे तिची ही गोदूकाकू आणि हे, आणि बदलापूर गावातल्या ह्या दोन खोल्या. तिलाही आणायचं होतंत बरोबर. — हो का, शाळेत मीटिंग आहे पोराची. बरं. शुक्रवारचं कसलं बोलावणं, असं वाटलं असेल ना तुम्हाला? रविवारीच बोलावणार होते, पण रविवारी ह्यांना पनवेलचं भाडं आहे, टेम्पोचं असंच असतं, मिळेल तेव्हा जावं लागतं. म्हणून सकाळी फोन केला. तुम्ही उल्हासनगरचं ऑफिस टाकून भर दुपारी आलात, बरं केलंत. खरंच बरं केलंत.

फोन? आत चार्जिंगला लावलाय ना, तुम्हीच म्हणालात बॅटरी संपत आलीये. राहू दे, जेवताना कशाला तो — नाही नाही, उठू नका, अर्ध्या ताटावरून जावई उठला तर मला वर्षभर चैन पडायची नाही. राजसीला मेसेज करायचाय, ते आहे माझ्या लक्षात. काल तुम्ही सांगितलंत तेव्हापासून तेच घोकतेय. राजू, परक्या घरात थोडं कमीजास्त होतं, मनाला लावून घेऊ नको, आजीबाईंची सेवा कर, दोन वर्षं काय, बघता बघता जातील. असंच ना? माझ्या आवाजात पाठवायचं. आईनं सांगितलं की ऐकेल, असं म्हणालात तुम्ही. ऐकतेच ती माझं. आधी जेवा, मग करू.

घड्याळाकडे? कुठे बघतेय मी? सवय झालीये हो, ती तिकडे परदेशात गेल्यापासून एक घड्याळ इथलं आणि एक मनातल्या मनात तिकडचं. तिकडे आता बारा वाजून गेले असतील. शुक्रवारी त्या घरची माणसं बाहेर जेवायला जातात, आजीबाई आणि राजसी दोघीच घरी. — म्हणजे तीच सांगायची ना मागे, म्हणून माहीत. आमटी घ्या. आंबट झालीये का? सांडली थोडी, पुसते. रात्री डोळ्याला डोळा नाही, ऋता म्हणत होती काकू थोडं पडा, पण — ऋता? भिशीतली. आमच्या भिशीत आहे एक पोरगी, चिखलोलीला राहते. राहायची. तुम्ही नाही ओळखत.

ती जायच्या आधी तुम्ही ह्याच जागी बसला होतात, आठवतंय? अंबरनाथच्या दवाखान्यात राजसी पेशंटचं बघायची, उठवणं, बसवणं, न्हाऊ घालणं, कोणाची घाण काढताना तोंड वाकडं केलं नाही पोरीनं. तुम्ही म्हणालात, काकू, हेच काम तिकडे केलं तर सोनं होईल, घर बघितलंय मी, एक म्हातारी आहे आणि तिचा मुलगा-सून, अगदी देवमाणसं. तिला तुम्ही काय म्हणालात — मी पाणी घेऊन येत होते, मी ऐकलं — ‘काही झालं तर पहिला फोन मला करायचा.’ मला किती धीर आला तेव्हा. घरचा माणूस आहे मध्ये, जावई आहे आपला.

तिनं केला ना फोन तुम्हाला. काल सकाळी. — हो, तुम्हीच सांगितलंत मला, घरची आठवण येतेय तिला, रडतेय, समजवा. मी लावला तिला. धावून आल्यासारखा श्वास ऐकू येत होता. मी म्हटलं, राजू, जेवलीस का? तर म्हणाली, आई, मी आंघोळ करू का नको? आता बघा, सव्वीस वर्षांची मुलगी आईला असं विचारते का? मी म्हटलं, अगं कर की, त्यात काय विचारायचं — तर म्हणाली, जिजू म्हणतात कर, आणि ऋताताई म्हणते नको करू.

नाही, तसं नाही, तुमच्यावर कुठे काय म्हणतेय मी. डोकं शांत होईल म्हणून तुम्ही सांगितलं असेल. आंघोळ कर, कपडे मशीनला टाक, कामाला लाग आणि कोणाजवळ बोलू नको. असं — असं ऐकलं मी. तिनं नाही टाकले मशीनला. कागदी पिशवीत ठेवलेत. प्लास्टिकमध्ये ठेवायचे नसतात म्हणे, ओल धरते, आणि डॉक्टरांनी तपासेपर्यंत — काय? कोण डॉक्टर? कोणी नाही. मी आपलं बोलतेय काहीतरी. भात वाढू का?

बसा ना. महेशराव, बसा. हात खरकटा आहे तुमचा. फोन आणते, थांबा, आणते ना — आत जाऊ नका. आत जायचं नाही. महेश, बस खाली.

दार नुसतं लोटलंय, कडी नाही घातलेली, जायचं तर जा. गाडी नाही निघणार. ह्यांनी टेम्पो आडवा लावलाय आणि पान आणायला गेलेत किल्ली घेऊन. आणि फोन चार्जिंगला नाही, इथे आहे, माझ्या कमरेला, निऱ्यांत खोचलेला. हात घालून काढणार आहेस का? — मग बस.

हो, मुद्दामच बोलावलं. राजू आत्ता त्या घरातून निघतेय, तू तिकडे एक फोन केलास की ते ती पळून गेल्याची तक्रार देतील. मग तिलाच पकडतील आधी, पासपोर्ट त्याच माणसाकडे आहे, आजीबाईंच्या मुलाकडे, ज्यानं तिच्यावर हात टाकला. आणि तिचं कोण ऐकणार, तिला त्यांची भाषा येत नाही. एकदा आपल्या वकिलातीच्या दारातून आत गेली की देऊ दे तक्रार. तिकडे आज शुक्रवारची सुट्टी आहे, पण त्यांचा माणूस थांबलाय, रात्री बोलणं झालंय. तिथे अशा बायकांना राहायला जागा असते, वकील मिळतो, भाषा समजावणारं माणूस मिळतं, दवाखान्यात त्यांची बाई बरोबर जाते. पोलिसांकडे एकटं जायचंच नाही. मला कुठे माहीत होतं हे? ऋता भिशीतली नाही, तिकडच्या दवाखान्यात नर्स आहे, राजसी आजीबाईंना न्यायची, तिथे ओळख झाली. त्या चार-सहा जणी मिळून हेच करतात, कोणावर असं झालं की गाडी घेऊन जातात. वकिलातीचा नंबर, सरकारची हेल्पलाइन, तक्रारीचं पोर्टल, हे मुलीला जायच्या आधी सांगायचं असतं, ऋता म्हणाली. तू काय सांगितलंस? काही झालं तर मला फोन कर. तिनं केला.

आजीबाईंनी फाटकाची किल्ली दिली तिला. त्याची आई ती. उशीखालून काढून हातात दिली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली, असं राजूनं कळवलं मघाशी, तू हात धूत होतास तेव्हा. तेवढंच कळवलं. त्यानंतर काही नाही अजून.

लग्न? तिच्या लग्नाची काळजी तुला? आमचं नाव आम्ही बघू. गावात काय सांगायचं ते तिचं ती ठरवेल, नाही सांगावंसं वाटलं तर नाही सांगणार, मीही विचारणार नाही. आणि अक्षदाला मध्ये आणू नको म्हणून हात जोडतोयस, ते राहू दे. ती मीटिंगला गेलेली नाही. सकाळपासून आहे, आत, स्वयंपाकघरात. म्हणून म्हटलं आत जाऊ नको. सगळं ऐकतेय ती.

थांब. माझा वाजतोय.

हं, ऋता, बोल. — कुठे? — फाटकाच्या आत? म्हणजे वकिलातीच्या आत ना, नीट सांग गं. — दोघी? — हं. हं. — दे तिला. राजू, बोलू नको. काही बोलू नको, नुसता फोन कानाला धर. मी आहे. पाणी प्यायलीस का? — आधी पाणी पी. त्या बाई सांगतील तसं कर, आणि नको वाटलं तर नको म्हण, कोणी रागावणार नाही. मी आहे इथेच. अक्षदा आहे, बाबा आहेत. — ठेव. मी परत करते.

हा घ्या तुमचा फोन, महेशराव. आता लावा कोणाला लावायचाय त्याला. — मला काही सांगू नका. ताट राहू दे तसंच. हे आलेत, टेम्पो काढतील. निघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजसी वकिलातीतल्या बाईंबरोबर तिकडच्या सरकारी दवाखान्यात गेली, आणि गोदूकाकू बदलापूरच्या पोलीस ठाण्यात महेशविरुद्ध तक्रार द्यायला गेली तेव्हा अक्षदा तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसली होती.