इर्माची गोधडी

नाही, नाही, बसा तुम्ही बाई, उठायचं काही कारण नाही – वारा बघा कसला सुटलाय नदीकडून, सकाळपासून झेंडे नुसते फडफडतायत, ऊन आहे पण आपलं दाखवायपुरतं – आमच्या आयोवात मे महिना असाच, म्हणून तर सगळे गोधड्या घेऊन येतात बेसबॉलच्या मॅचला. ती तुमच्या पाठीशी घडी घालून ठेवलेली? माझी. म्हणजे बायकोची. इर्माची. अहो, माफी कसली मागताय? आमच्या शेजारच्या लोवेलनं बसवलं, तुम्ही बसलात. गावात नव्या, तुम्हाला काय ठाऊक.

इथली रीत अशी, की सकाळी फाटक उघडलं की बाकावर गोधडी टाकून जायचं. मग त्या जागेला कुणी हात लावत नाही. तिकिटावर नंबरच नाही हो, गोधडी हाच नंबर. एकदा महापौर चुकून बसले, तर मार्लिस – ती मागे सूर्यफुलाच्या बिया फोडतेय ना, तीच – म्हणते कशी, "उठा साहेब, मत दिलंय तुम्हाला, जागा नाही दिली!" सगळा स्टँड हसला, महापौरपण हसले. आता खेळाडू इथले, बावीस-तेवीसची पोरं, दोन वर्षांत वरच्या टीममध्ये जातात नाहीतर घरी जातात. नावं पाठ होईतोवर निघाली. बाकावरची माणसं मात्र तीच. मला तरी खेळातलं काय कळतं – शाळा बघितली नाही, धान्याच्या कोठारात पोती उचलली जन्मभर – धावा मोजता येतात, तेवढं पुरे.

इर्मा गेल्यावर दोन उन्हाळे मी दोन गोधड्या टाकल्या. एक माझी, एक तिची. कुणी अवाक्षर काढलं नाही. सातव्या डावात रिवाजाप्रमाणे सगळे उभे राहून गाणं गातात, तेव्हा लोवेल तिच्या रिकाम्या जागेच्या पलीकडनं हात लांब करून माझ्या खांद्यावर ठेवायचा. एकोणीस वर्षं – घर शेजारी, बाक शेजारी. आणि आज त्यानंच तिची गोधडी उचलली. मी सकाळी टाकून गेलो, दुपारी आलो तर हा फाटकातच उभा, तोंड पाडून. वर आलो, मार्लिसकडे बघितलं, तर ती बियांच्या पुडीत डोकं घालून बसली. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. मला सोडून सगळ्यांना. परक्यानं उचलली असती ना, तर दोन शब्द बोललो असतो आणि विसरलो असतो.

ती गेली तेव्हा? इथंच होतो मी. ह्याच बाकावर. तिनंच धाडलं दवाखान्यातनं – "जा, काय झालं ते येऊन सांग" – आणि मी आलो. यायला नको होतं. कुणाला बोललो नाही हे, तुम्हाला का सांगतोय कोण जाणे. जिंकलो आम्ही त्या दिवशी. लोवेलची जागा रिकामी होती, कधी नव्हे ते. मला वाटलं गाडी बिघडली असेल. तिच्या उशाशी बसला होता तो! आज कळतंय मला, आत्ता, फाटकात त्यानं सांगितलं तेव्हा. रोज सकाळी कुंपणापाशी माझ्याबरोबर कॉफी पितो, आणि एवढं पोटात ठेवलं. आणि तीपण – एक्केचाळीस वर्षांचा संसार, आणि सांगितलं कुणाला, तर त्याला.

काय सांगितलं? जाऊ दे. खेळ बघा तुम्ही. थंडी वाजतेय? ही घ्या पायांवर, माझी. तिची नको – तिची द्या इकडे. लोवेल आता सॉसेज घेऊन येईल, तीन आणेल, त्याच्याशी मी आज बोलणार नाही, तुम्ही बोला खुशाल. माझ्याशीपण नाही बोललात तरी चालेल. काय म्हणाला तो – म्हणाला, "ऑरिन, इर्मानं बजावलं होतं मला, दोन उन्हाळे माझी गोधडी टाकू दे त्याला, तिसऱ्याला तू उचल, टाकू नकोस असं नुसतं सांगितलंस तर हो म्हणेल आणि टाकतच राहील."